‘सगळी गाठ काढा’ म्हणण्याआधी

पत्र थोडक्यात: लिहिणारी मुलगी आहे. तिचे वडील 61 वर्षांचे. काही महिन्यांपासून चालताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, गाडी वळवताना बाजूचं वाहन दिसायचं नाही. चष्मा बदलून फरक पडला नाही, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची, साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टनुसार ती वर डोळ्यांच्या नसांना दाबते आहे आणि डावीकडे कॅव्हर्नस सायनस या शेजारच्या पोकळीत शिरून मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला वेढून बसली आहे. गाठ बाजूला किती घुसली हे सांगणाऱ्या क्नॉस्प मोजणीत ग्रेड 4. पहिले न्यूरोसर्जन म्हणाले, नाकातून दुर्बिणीनं ऑपरेशन करू, पण धमनीभोवतीचा भाग सोडून देऊ. दुसरे म्हणाले, जास्तीत जास्त काढायचा प्रयत्न करू. लांब राहणाऱ्या थोरल्या भावाला दुसरे डॉक्टर हवे आहेत. ‘अर्धवट ऑपरेशन करून घ्यायचंच कशाला?’ असं त्याचं म्हणणं. घरात कॅन्सरची धास्ती आहे, पण ती कोणी बोलून दाखवत नाही. बाबांना ‘नाकातून छोटंसं ऑपरेशन आहे’ एवढंच सांगितलंय. मुलीचे प्रश्न दोन: सर्जन कोणता निवडू? आणि गाठ आत राहणारच असेल तर ऑपरेशनचा उपयोग काय?

उत्तर:

तुमच्या पत्रात गाठीचं माप आहे, ग्रेड आहे, दोन्ही सर्जनची मतं आहेत, दादाचं म्हणणं आहे. रक्ताच्या तपासण्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. झाल्या असतील आणि लिहायच्या राहिल्या असतील तर प्रश्नच मिटला. झाल्याच नसतील तर ‘कोणता सर्जन’ हा विषय एक-दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं हार्मोन तपासून घ्या.

कारण असं, की पिट्युटरीची गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी निघाली तर ती कितीही मोठी असो, शेजारी कितीही घुसलेली असो, पहिला उपाय बहुतेक वेळा ऑपरेशन नसतोच, गोळी असते. कॅबरगोलिन नावाच्या औषधानं अशा गाठी आकसतात. काही रुग्णांची नजर तर थोड्या दिवसांतच सुधारायला लागते. नजर कमी झालेली असतानाही डोळ्यांवर बारीक लक्ष ठेवून आधी गोळी देऊन बघतात. बायकांमध्ये पाळी चुकते म्हणून ही गाठ लहान असतानाच सापडते. पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होते, थकवा येतो, आणि ‘आता वय झालं’ म्हणून तो सोडून दिला जातो. त्यामुळे पुरुषांची गाठ सापडते तेव्हा ती बऱ्याचदा मोठीच झालेली असते.

या तपासणीत दोन फसगती होऊ शकतात. प्रोलॅक्टिन प्रचंड वाढलेलं असेल तर काही यंत्रं गोंधळतात आणि आकडा खोटाच कमी दाखवतात. म्हणून गाठ मोठी आणि आकडा साधारण, असा मेळ बसत नसेल तर नमुना पातळ करून पुन्हा मोजायला लॅबला सांगावं लागतं. उलट, आकडा नुसताच थोडा वाढलेला, मिलिलिटरमागे शंभर नॅनोग्रॅमच्या आत असेल, तर त्यावरून प्रोलॅक्टिनची गाठ म्हणून मोकळं होता येत नाही. कुठलीही मोठी गाठ पिट्युटरीच्या देठावर दाब आणते आणि त्यानं प्रोलॅक्टिन थोडं वर जातं. मळमळीवरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही ते वाढवतात. अशा वेळी गोळ्या देत बसलं तर गाठ तशीच राहते आणि नजर मात्र जात राहते. रिपोर्ट हार्मोनतज्ज्ञांना दाखवा, नुसत्या ‘नॉर्मल रेंज’कडे बघून ठरवू नका.

त्याच वेळी सकाळचं कॉर्टिसॉल, थायरॉइड (फक्त टीएसएच नव्हे, फ्री टी4सुद्धा), टेस्टोस्टेरॉन, आयजीएफ-1 (यावरून ग्रोथ हार्मोनचा अंदाज येतो) आणि सोडियम बघितलं जातं. यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन, सगळ्यात महत्त्वाचं. ते कमी असताना स्टेरॉइड न देता भूल दिली तर जिवावर बेतू शकतं. थायरॉइडही कमी असेल तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई आणि मग थायरॉइडची गोळी, हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता धरून चालू की प्रोलॅक्टिनचा काही संबंध नाही आणि गाठ कोणताच हार्मोन जास्त बनवत नाही. डोळ्यांच्या नसा दबलेल्या आहेत, म्हणजे ऑपरेशन लागणारच. मग तुमच्या घरातल्या दोन समजुतींकडे वळू या.

पहिली, न बोललेली: घुसली आहे म्हणजे कॅन्सर आहे. पिट्युटरी कवटीच्या तळाशी एका हाडाच्या खोबणीत बसलेली असते. खाली हाड, वर घट्ट पडदा, आणि दोन्ही बाजूंना मात्र फार पातळ भिंत. गाठ वाढायला लागली की वाट मिळेल तिकडे सरकते, आणि बाजूची ती भिंत तिला फारसा अडथळा करत नाही. तिच्या पलीकडेच कॅव्हर्नस सायनस असतो. त्यामुळे अगदी संथ वाढणारी, शरीरात इतरत्र कुठेही न जाणारी गाठसुद्धा ‘घुसलेली’ असू शकते. पिट्युटरीचा खरा कॅन्सर, म्हणजे दूरच्या अवयवात पसरणारा, या गाठींमध्ये हजारात एखाद-दुसरा. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर’ असं नाव दिसलं तर दचकू नका. पूर्वी ज्याला अ‍ॅडिनोमा म्हणायचे त्याचंच जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातलं हे नवं नाव आहे. घुसलेली गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता मात्र न घुसलेलीपेक्षा जास्त असते, हे तितकंच खरं. त्यासाठी त्याच रिपोर्टात केआय-67 हा, पेशी किती वेगानं वाढताहेत ते सांगणारा आकडा बघतात. तो 3 टक्क्यांच्या वर असेल तर पुढच्या तपासण्या जरा लवकर-लवकर करायला सांगतात.

दुसरी समजूत दादाची: जो सगळी काढतो तो चांगला सर्जन, जो सोडतो तो घाबरट. या समजुतीपायी तुम्ही चुकीच्या कसोटीवर माणूस निवडाल, म्हणून जरा खोलात जाते.

कॅव्हर्नस सायनस ही अशुद्ध रक्ताची, जाळीदार पोकळी. पिट्युटरीच्या डावी-उजवीकडे एकेक. तिच्या आतून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी वळण घेत जाते. धमनीला अगदी खेटून डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणारी नस जाते. डोळ्याच्या उरलेल्या हालचालींच्या, पापणी उचलण्याच्या आणि चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसा बाहेरच्या भिंतीत असतात. एमआरआयवर धमनीच्या छेदांना रेघा जोडून गाठ त्या रेघांच्या किती पलीकडे गेली हे मोजायची पद्धत व्हिएन्नाच्या क्नॉस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडली. 0 म्हणजे धमनीपर्यंत पोचलेलीच नाही, 4 म्हणजे धमनीला पूर्ण वेढा. ग्रेड 0 किंवा 1 असता तर दादाचा आग्रह अगदी रास्त होता. तिथे पूर्ण काढणं हेच ध्येय असतं. ग्रेड 4 मध्ये गाठ शंभर टक्के निघणं कोणाच्याही हातून जवळजवळ होत नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशनात काय होतं ते समजलं तर हे पटेल. नाकाच्या मागच्या हवेच्या पोकळीतून आत जातात, पिट्युटरीखालचं हाड उघडतात, त्याआतला पडदा कापतात. बहुतेक गाठी मऊ असतात. छोट्या खरवडणीनं आणि सक्शननं निघत जातात. मधली गाठ निघाली की इतके दिवस वर ढकलला गेलेला पातळ पडदा हळूहळू खाली उतरतो आणि पोकळीत लोंबायला लागतो. तो नीट उतरला म्हणजे डोळ्यांच्या नसांवरचा दाब सुटला, ही सर्जनची खूण. मग बाजूला वळायचं. धमनी नेमकी कुठे आहे हे बारीक डॉप्लरनं, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रानं, ऐकून तपासतात. धमनीच्या आतल्या बाजूचा, मधोमधच्या पोकळीकडचा मऊ भाग बऱ्याचदा ओढून घेता येतो. सायनसमधून रक्त येतं, पण ते शिरेतलं, कमी दाबाचं. रक्त थांबवणारं द्रव्य भरून, थोडा दाब देऊन आवरतं. धमनीच्या बाहेरच्या बाजूला जायचं म्हटलं की सगळंच बदलतं. तिथे नसा आहेत. आणि धमनीला भोक पडलं तर ते रक्त दाबून धरून रुग्णाला थेट अँजिओग्राफीला न्यावं लागतं, पक्षाघात होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. अनुभवी हातांत सरसकट सगळ्या ऑपरेशनांत हे शंभरात एकाहूनही कमी वेळा घडतं. पण हा धोका वाढतो तो अशाच वेढलेल्या गाठींत, आणि पूर्वी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेल्यांत.

नाकातून पिट्युटरी गाठण्याचं पहिलं ऑपरेशन 1907 मध्ये श्लॉफर यांनी केलं. तेव्हापासून ही वाट बराच काळ अडून राहिली ती मुख्यतः आत नीट दिसत नाही म्हणून. हार्डी यांनी 1960 च्या दशकात मायक्रोस्कोप आणला, 1990 च्या दशकात एन्डोस्कोप आला, आणि तिरप्या भिंगातून आज धमनीच्या कडेलाही डोकावता येतं. पण दिसतं म्हणून काढावंच, असं थोडंच आहे?

आता मला खरा संशय आहे तो असा, की तुमचे दोन्ही सर्जन एकच ऑपरेशन सांगत असावेत. ‘धमनीभोवतीचा भाग सोडू’ आणि ‘जास्तीत जास्त काढायचा प्रयत्न करू’ ही दोन वाक्यं तुमच्या घरात एकमेकांच्या विरुद्ध उभी केली गेली आहेत. एकानं काय राहील ते सांगितलं, दुसऱ्यानं काय निघेल ते. दोघांनाही हाच नेमका प्रश्न विचारा: ‘तुम्ही कॅरोटिडच्या बाहेरच्या बाजूला जाणार आहात का? जाणार असाल तर त्यातून बाबांना काय मिळेल?’ दुसरे डॉक्टर ‘नाही, आतल्या बाजूचं मऊ निघेल तेवढं घेईन’ म्हणाले तर भांडण तिथेच संपलं. ‘हो, सगळं काढणारच’ म्हणाले, तर मी माझ्या माणसाला त्यांच्याकडे पाठवणार नाही. निदान हार्मोन न बनवणाऱ्या गाठीसाठी तरी नाही.

सोडण्याची बाजू घेताना एक सावधगिरीही सांगते, कारण ‘थोडं राहील’ या वाक्याच्या आड निष्काळजी कामही लपू शकतं. ठरवून सोडलेला धमनीभोवतीचा तुकडा वेगळा आणि जमलं नाही म्हणून डोळ्यांच्या नसांखाली राहिलेला गोळा वेगळा. दुसऱ्या प्रकारात नसांवरचा दाब सुटतच नाही, शिवाय उरलेल्या मोठ्या गाठीत रक्तस्राव होऊन ती फुगू शकते. म्हणून ‘किती टक्के काढाल’ यापेक्षा ‘काय राहील आणि कुठे राहील’ हे विचारा. गाठ चिवट, तंतुमय निघाली तर काय करणार, हेही विचारा. काहींना दुसऱ्या टप्प्यात पुन्हा नाकातून किंवा क्वचित कवटी उघडून जावं लागतं. आणि ते वर्षाला पिट्युटरीची किती ऑपरेशनं करतात, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. त्यात अपमान काही नाही. वर्षाकाठी चार-दोन करणारा आणि दर आठवड्याला करणारा यांच्यात फरक पडतोच. सोबत कान-नाक-घसातज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ आणि रेडिएशनतज्ज्ञ असलेला गट असेल तर उत्तम.

‘मग उपयोग काय?’ या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. बाबांची नजर गेली ती मधल्या, वर सरकलेल्या गाठीमुळे. डाव्या कोपऱ्यातल्या तुकड्यानं ती गेलेली नाही. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेच खालून दाब आला की दोन्ही बाजूंचं बाहेरचं दिसणं जातं. चौकटीला खांदा लागतो तो त्यामुळे. मधली गाठ निघाली की नजर बऱ्याच जणांची सुधारते, काहींची पहिल्या काही दिवसांतच, बाकीच्यांची काही महिन्यांत सावकाश. किती सुधारेल हे नस किती वाळली आहे यावर ठरतं. डोळ्यांचे डॉक्टर ओसीटी नावाच्या तपासणीनं नसेच्या थराची जाडी मोजून त्याचा बराच अंदाज देऊ शकतात. ती ऑपरेशनआधी करून घ्या, म्हणजे नंतर तुलनाही करता येईल आणि अवास्तव आशाही राहणार नाही.

उरलेल्या तुकड्याचं काय? साधारण तीन महिन्यांनी एमआरआय होतो, कारण त्याआधी सूज, रक्त आणि ऑपरेशनात पोकळीत भरलेली चरबी यांच्या गर्दीत गाठ कोणती ते कळणं अवघड जातं. मग सुरुवातीची काही वर्षं दर वर्षी. काही तुकडे वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत, काही सावकाश वाढतात. वाढायला लागला तर रेडिओसर्जरी असते, म्हणजे नेमक्या तेवढ्याच जागी दिलेलं रेडिएशन. त्यासाठी डोळ्यांची नस आणि गाठ यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर लागतं, कारण डोळ्यांची नस रेडिएशन फारसं सोसत नाही. कॅव्हर्नस सायनसमधल्या नसा त्यामानानं बऱ्यापैकी सोसतात. पहिलं ऑपरेशन नीट झालं तर हे अंतर आपोआप तयार होतं. म्हणजे तुम्ही ज्याला अर्धवट म्हणता, ते पुढच्या उपचारासाठी जागा करून ठेवणं आहे. रेडिएशनची किंमत मुख्यतः अशी, की पुढच्या काही वर्षांत पिट्युटरीचे हार्मोन एकेक करून कमी होऊ शकतात आणि गोळ्या लागतात. म्हणूनच तुकडा शांत असेल तर घाई करत नाहीत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमच्या घरातली गाठ ग्रोथ हार्मोन किंवा एसीटीएच (कॉर्टिसॉल वाढवणारं हार्मोन) बनवणारी असेल, तर हिशोब बदलतो. तिथे छोटासा उरलेला तुकडाही शरीराला त्रास देत राहतो, म्हणून सर्जन जास्त पुढे जायला तयार असतात; गाठ कमी घुसलेली असेल तर काही ठिकाणी ती बाजूची पातळ भिंतसुद्धा काढतात. पण तिथेही वेढलेली धमनी ही वेढलेली धमनीच. ग्रोथ हार्मोनच्या गाठीत पूर्ण निघाली नाही तरी बरीचशी काढली की नंतरची इंजेक्शनं जास्त चांगली लागू पडतात, हे तिथल्या घरच्यांनी लक्षात ठेवावं.

आता बाबा. तुमच्या सगळ्या पत्रात ते आहेत, पण त्यांचं एकही वाक्य नाही. 61 वर्षांचा, स्वतः गाडी चालवणारा माणूस. (गाडी आजपासून बंद. कितीही चिडले तरी.) संमतीच्या कागदावर सही त्यांची होणार, दर वर्षी एमआरआयच्या नळीत ते झोपणार. ऑपरेशननंतर ‘थोडी राहिली आहे’ हे त्यांना वॉर्डात एखाद्या शिकाऊ डॉक्टरच्या तोंडून कळलं तर ते त्याचा अर्थ ‘ऑपरेशन फसलं’ असाच लावतील, आणि मग तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीत. आजच सांगून टाका, आणि साध्या शब्दांत: ‘बाबा, गाठ कॅन्सरची वाटत नाही. मधली काढणार आहेत, म्हणजे डोळ्यांवरचा दाब जाईल. डावीकडे मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला थोडा भाग मुद्दाम ठेवणार आहेत, त्याच्यावर लक्ष ठेवू.’ मग गप्प बसा, त्यांना विचारू द्या. कदाचित त्यांना गाठीपेक्षा पुन्हा वाचता येईल का, याचीच जास्त काळजी असेल. दादाला या बोलण्यात फोनवर का होईना, सामील करा. सर्जनच्या भेटीतही त्याला फोनवर घ्या. लांब असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून अर्धं-मुर्धं कळतं, आणि मग त्याच्याकडे करण्यासारखा एक आग्रहच उरतो.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर काय बघायचं, हे सुटीच्या कागदावर बहुधा फार थोडक्यात असतं. काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, कुंथायचं नाही, जड उचलायचं नाही. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं थेंब-थेंब गळत असेल किंवा घशात खारट चव उतरत असेल तर ते सर्दीचं पाणी समजू नका, मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी कळवा, कारण त्यातून मेंदुज्वर होतो. पहिल्या काही दिवसांत फार तहान आणि सारखी, भरपूर, पाण्यासारखी लघवी होत असेल तर पाणी किती प्यायले आणि लघवी किती झाली, हे मोजून लिहून ठेवा. रक्तातलं सोडियम घसरलं तर ते बऱ्याचदा आठवड्याभरात घसरतं, म्हणजे माणूस घरी आल्यावर. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ‘ऑपरेशनचा थकवा’ म्हणून सोडून देऊ नका. साधारण सातव्या दिवशी सोडियम तपासायचं आधीच ठरवून ठेवा. कॉर्टिसॉलची भरपाई करणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मनानं बंद करायच्या नाहीत. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. किती, कसं, हे सुटी घेण्याआधी लिहून घ्या आणि ती चिठ्ठी बाबांच्या खिशात राहू द्या.

हे सगळं फार लांबवू नका. तिसरं मत, चौथं मत असं करत महिने गेले तर नसेचं नुकसान कायमचं होतं. रक्ताचे रिपोर्ट या आठवड्यात, डोळ्यांच्या तपासण्या त्याच्यासोबत, मग दोन्ही सर्जनना तो एक प्रश्न, आणि तारीख. मधल्या काळात अचानक प्रचंड डोकेदुखी, उलट्या, एकाएकी नजर जाणं, पापणी पडणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर ते गाठीत रक्तस्राव झाल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा कोणत्या डॉक्टरांकडे जायचं यावर चर्चा नको. न्यूरोसर्जरीची सोय असलेलं जे रुग्णालय सगळ्यात जवळ असेल, तिथे रात्र असली तरी तडक घेऊन जा.